पिवळी ओळ

"बघा, पण यातून काही निघायचं नाही," असं म्हणत गेर्त्रुदा रिश्काने पिशवीतून दोन कागद काढले आणि टेबलावर ठेवले. "युनियनच्या वकिलाने धाडलं म्हणून आले. आमच्या बेनेकने घाई केली, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे."

ते बोझेनालाही ठाऊक होतं. ग्लिवित्से शहरात कुणाला ठाऊक नव्हतं? विटांच्या कारखान्यात वाफेची नवी टाकी आली आणि आठवड्याच्या आत बेनेक रिश्का तिचं दार उघडायला गेला. तो आणि त्याचे दोन सोबती जागच्या जागी गेले. टाकीत दाब शिल्लक होता म्हणजे पोरगं थांबलंच नाही, असा साधा हिशेब चौकशीवाल्या साहेबांनी मांडला आणि फाइल मिटवली. त्या दोघांच्या बायका आता पावाच्या दुकानात गेर्त्रुदा दिसली की रांग सोडून निघून जात.

एक कागद पोलिश होता, टाकीशेजारी टांगलेला. दुसरा त्याचं मूळ इंग्रजी पान. ते यंत्र बनवणाऱ्यांकडून मिळवायला वकिलाला सात महिने लागले होते. कोर्टाला त्याचं भाषांतर हवं होतं, तेही शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचं, गोल शिक्क्यानिशी. बोझेनाकडे तो शिक्का सव्वीस वर्षं होता. पंप, झडपा, क्रेन, बॉयलर, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. आपल्या कामात कुणी खोट काढलेली नाही, असं ती सांगायची आणि ते खरंच होतं.

"चहा घ्या तोवर. एकच पान आहे," ती म्हणाली.

तिने आधी इंग्रजी वाचलं. दाबाचा काटा शून्यावर आल्यावर चाळीस मिनिटं थांबा, मगच दार उघडा. मग पोलिश वाचलं. तिथे पंधरा मिनिटं होती.

तिने दोन्ही पुन्हा वाचलं. "गेर्त्रुदाबाई, तुमचा मुलगा हा कागद वाचायचा?"

"वाचायचा? अहो, औषधाच्या डबीतली चिठ्ठीसुद्धा शेवटपर्यंत वाचायचा तो. मी चिडवायची, म्हातारा झालास म्हणून. लिहिलेलं सोडून काही करायचा नाही. त्याच दिवशी काय अवदसा आठवली, देव जाणे."

बोझेनाला आनंद झाला. अशा वेळी आनंद होऊ नये, पण झाला. पोरगं निर्दोष होतं आणि ते तिच्या हातून सिद्ध होणार होतं. हे पोलिश करणाऱ्या गाढवाला तिने मनातल्या मनात शिव्या घातल्या. कसं झालं असेल, हे तिला न सांगता कळत होतं. या धंद्यात एकदा केलेलं वाक्य संगणक जपून ठेवतो. तसलंच वाक्य पुन्हा आलं की जुनं भाषांतर आपणहून पुढे करतो आणि ओळ पिवळी होते. पिवळी ओळ म्हणजे जवळपास तीच. बदललं असेल तेवढं दुरुस्त करायचं आणि पुढे जायचं. कामाची घाई असली की लोक नुसतेच पुढे जातात. जुन्या टाकीला पंधरा मिनिटं पुरत असणार.

तिने इंग्रजी वाक्य संगणकावर घेतलं.

ओळ पिवळी झाली. खाली पोलिश वाक्य उमटलं, त्या कागदावरचं, अक्षर न् अक्षर तेच. शेजारी दोन वर्षांपूर्वीची मार्चमधली तारीख होती आणि भाषांतरकाराच्या नावाची आद्याक्षरं. तिची स्वतःची.

नऊ दिवसांत तीनशे पानं हवी होती, एवढंच तिला आठवलं. ती ओळ आठवेना.

यंत्राच्या माहितीपुस्तकावर भाषांतरकाराचं नाव कधीच नसतं. आता पिवळी ओळ पुसून टाकली की झालं. खरं भाषांतर कोर्टात जाईल, शिक्का तिच्यापाशी राहील. मग कारखाना म्हणेल छपाईची चूक, छापणारा म्हणेल आम्हाला असंच आलं, आणि वर्षामागून वर्षं जातील. ही बाई पावाच्या दुकानात एकटीच उभी राहील. बोझेनाचं बोट पुसायच्या बटणावर होतं आणि तिला स्वतःची किळस आली.

"काही चुकलंय का?" गेर्त्रुदाने विचारलं.

"हो," बोझेना म्हणाली आणि टाइप करू लागली.

शपथेच्या भाषांतरात पदरचा शब्द घालता येत नाही. फक्त शेवटी एक टीप चालते. सव्वीस वर्षांत तिने टिपेत 'सही अस्पष्ट' आणि 'शिक्का पुसट' यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. तिने कागद छापला, शिक्का मारला, सही केली आणि वाचून दाखवला. चाळीस मिनिटं. मग टीप: कारखान्यातल्या पोलिश कागदावर पंधरा मिनिटं आहेत, ते भाषांतर खाली सही करणारीनेच केलं असून चूक तिची आहे.

गेर्त्रुदाला समजायला वेळ लागला. चहा तसाच होता.

"म्हणजे पंधरा मिनिटं थांबला होता तो."

"थांबला असणार. मी लिहिलं होतं तेवढं."

गेर्त्रुदाने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मला बोला, गेर्त्रुदाबाई," बोझेना म्हणाली. "काय वाटेल ते बोला."

"तुम्हाला काय बोलू?" गेर्त्रुदा उठली आणि दाराशी जाऊन थांबली. "गेल्या आठवड्यात मृतांचा सण झाला. त्या दोघांच्या कबरींवर दिवे लावले, गुडघे टेकून माफी मागितली. माझ्या पोराच्या कबरीवर मी दिवा लावला नाही."