लाल ठिपका

“इंजिन माझ्यासमोर उघडायचं,” गॅरेजमध्ये शिरताशिरताच मी बजावलं. तातोबा मिस्त्रीने पान्हा उचलला.

लडाखला जायचं म्हणून मोटारसायकलची ताकद वाढवायला मोठा पिस्टन त्याच्याकडूनच बसवून घेतला होता. पिस्टन मी स्वतः परदेशातून मागवलेला. मिस्त्री लोक भारी माल ढापून हलका घालतात, हे का मला माहीत नाही? म्हणून देण्याआधी आतल्या बाजूला बायकोच्या नेलपॉलिशचा जाड ठिपका देऊन ठेवला. आणि काल आंबोली घाटात नुसती चालवून बघताना इंजिन तापून जाम! माल बदलल्याशिवाय असं होईल?

पिस्टन बाहेर आला. मी तो हिसकावून उलटा केला. ठिपका नव्हता.

“सापडलास! माझ्या पिस्टनला लाल खूण होती.”

“लाल?” मिस्त्री थबकला. इंजिनात पिस्टनकडे ऑइल जायच्या बारीक भोकात त्याने तार घातली, अडकलेलं काहीतरी बाहेर ओढलं आणि पुसून माझ्या तळहातावर ठेवलं. गरम ऑइलने सुटलेला लाल नेलपॉलिशचा पापुद्रा होता.

“ऑइल यानं अडवलं, पिस्टन कोरडा पडला,” तो म्हणाला. “मला सांगितलं असतं, तर मीच पंच मारून खूण करून दिली असती, साहेब.”