योद्ध्याची जागा

रविवारी दुपारी बाबांचा डोळा लागला तशी निधीनं मोबाइलवर गेम उघडला आणि बाकीचे यायच्या आत योद्ध्यावर बोट दाबलं. हातात तलवार, अंगात चिलखत घातलेली एक बाई पडद्यावर उभी राहिली. खाली नाव आलं, निधी. तिला एकटीलाच हसू आलं.

गेम तिघा भावंडांचा. पुण्याचा शेखर, हैदराबादची देवश्री आणि रायपूरला बाबांजवळ राहिलेली धाकटी निधी. बाबांना लकवा मारल्यापासून तिघांची भेट म्हणजे हाच रविवारचा तास. पात्रंही तीनच. योद्धा, धनुर्धर आणि हीलर. हीलरनं मागे उभं राहून पुढच्या दोघांच्या जखमा भरायच्या. या घरात आंबा असो की कूलरसमोरची जागा, आधी मोठ्यानं घ्यायचं, मग मधलीनं आणि उरेल ते धाकटीनं. त्यामुळे हीलर नेहमी निधीच व्हायची.

शेखर ऑनलाइन आला. "चुकून दाबलं का गं?"

"नाही भैया. आज मले लढायचं आहे."

"पर हीलर कौन बनेगा?" पाठोपाठ आलेली देवश्री म्हणाली. तिनं धनुर्धर घेऊनही टाकला होता. "तुलेच जमते ते. हम तो दो मिनट में मर जाएंगे."

"मंग मरा."

दोघंही हसली. निधी थट्टा करत नव्हती.

"बरं, मी होतो हीलर," शेखर म्हणाला. पण त्यानं बटण काही दाबलं नाही.

तेवढ्यात बाबांनी हाक मारली. "एक मिनट थांबा," म्हणत निधी मोबाइल हातात घेऊनच आत गेली. चादर ओली झाली होती. बाबांना कुशीवर वळवायचं, चादर ओढायची, अंग पुसायचं, पावडर लावायची, पुन्हा वळवायचं. एका मिनिटाचं काम नव्हतंच ते, पण हे तिघांपैकी एकटीलाच ठाऊक होतं.

उशाशी ठेवलेल्या मोबाइलमधून शेखर बोलू लागला. "निधी, तू काही हलली नाही न, तं गेमनं तुले बाहेर काढलं. तुझी जागा सुटली, म्हणून मी योद्धा घेऊन टाकला. हीलर ठेवला आहे तुझ्यासाठी. ये लवकर."

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. असती तर भांडता तरी आलं असतं.

बाबा दर रविवारी हे सगळं पडल्या पडल्या ऐकत. आज त्यांनी जड जिभेनं विचारलं, "तू... काय झाली?"

"योद्धा," निधी म्हणाली.

बाबांचा अर्धा चेहरा हसला. "मंग जाय न. लढ."

एवढं म्हणाले, पण चांगल्या हातानं धरलेलं तिचं मनगट त्यांनी काही सोडलं नाही.