राणी भोळी

राजधानीतल्या जुन्या राजवाड्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या गाइडची एक साधी रीत होती. इतिहास अपुरा पडला की पदरचं घालायचं. राजा-राणीच्या संसाराचे जे किस्से ऐकून लोक पोट धरून हसत, ते सगळे त्याने स्वतःच्याच घरातून उचललेले होते. बायकोला राजवाडा बघण्यात काडीचा रस नव्हता, त्यामुळे सगळं बिनबोभाट चाललं होतं.

आज मात्र पाहुणी आलेल्या बहिणीला घेऊन बायको तिकीट काढून हजर! शाही जेवणाच्या दालनात गाइडने नेहमीचा किस्सा शिताफीने गाळला, तर घोळक्यातले एक आजोबा अडूनच बसले. "अहो, ते राजाच्या चोरून पिण्याचं राहिलं की! आमचा मुलगा मागे येऊन गेला, तो अजून सांगून सांगून हसतो."

गाइडने बायकोकडे न बघता सुरुवात केली. "जेवणाआधी राजा 'घड्याळाला चावी देऊन येतो' म्हणून माडीवर जायचा. तिथे जुन्या पेटाऱ्यामागे बाटली लपवलेली. दोन घोट घ्यायचा आणि लवंग चघळत खाली यायचा. राणी बिचारी भोळी. तिला कधी पत्ताच लागला नाही."

सगळे खदखदून हसले. मागे उभ्या असलेल्या बायकोने शांतपणे हात वर केला.

"गाइडसाहेब, राणीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या बाटलीत निम्मं पाणी कोण घालतं, ते मात्र राजाला अजून कळलेलं नाही!"