कच्चं गाजर

"रात्री कवळी काढून ठेवता ना?"

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरीचा झोत घड्याळजींच्या तोंडात धरूनच विचारलं. जिभेवर, टाळ्याला, गालांच्या आत फाटलेल्या दुधासारखा पांढरा थर चढला होता. घड्याळजींनी नुसतं दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर बायको बसली होती.

"हिला ठाऊक नाही," तोंड मोकळं झाल्यावर ते हळूच म्हणाले. "बावीस वर्षं झाली."

बायको बहिणीच्या बाळंतपणाला चार महिने गेली असताना त्यांनी कवळी बसवून घेतली होती. तेव्हापासून दार लावून धुवायची आणि झोपेतही तोंडातच ठेवायची. चाळिशीत बोळकं झालं, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार?

बाईंनी हसू दाबलं. "म्हणजे बुरशीचं औषधही कवळी न काढताच तोंडात घोळवताय! औषध वरच्या वर फिरतंय, बुरशी खाली निवांत बसलीय. घर तुम्हीच दिलंय तिला."

मग त्या गंभीर झाल्या. "घशाच्या रेडिएशनमुळे लाळ आटते, तोंड आधीच सोललेलं असतं. त्यात ही बुरशी. गिळणं बंद झालं तर रेडिएशन मध्येच थांबवावं लागेल. अजून पंधरा वेळा यायचंय तुम्हाला. घरी गेल्या गेल्या कवळी काढून पाण्यात ठेवायची."

घरी येऊन घड्याळजी कामाच्या टेबलाशी बसले. बायकोने गार केलेला गिळगिळीत भात पुढ्यात ठेवला. तसं या घरात आधीपासूनच सगळं मेणासारखं मऊ शिजायचं. "माझ्या दातांना कडक सोसत नाही, तुम्हालाही तेच खावं लागतं बापडे," असं बायको म्हणायची आणि घड्याळजी मनातल्या मनात तिच्या दातांचे आभार मानायचे.

"तू जरा बाजारात जाऊन येतेस?" ते म्हणाले.

"आत्ताच तर पिशवीभर भाजी आणली."

ती काही हलेना. घड्याळजींनी एक घास घेतला. घशातून निखारा उतरावा तसा तो उतरला. पंधरा वेळा, त्यांनी स्वतःला बजावलं. दुरुस्तीच्या घड्याळांची चाकं धुवायच्या काचेच्या वाटीत पाणी ओतलं, भिंतीकडे तोंड केलं, आणि कवळी काढून त्यात सोडली. मग रुमाल तोंडाला लावून बसून राहिले. आजार कळला तेव्हाही त्यांना इतकी लाज वाटली नव्हती.

बायको टेबलाशी आली. वाटीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.

"पाणी रोज बदलायचं बरं का," ती म्हणाली. "आणि तो रुमाल काढा, गुदमराल."

तिने पिशवीतून एक गाजर काढलं, धुतलं, आणि त्यांच्यासमोर खुर्चीत बसून कचकन तोडलं.

घड्याळजींचा रुमाल आपोआप खाली आला. बायको डोळे मिटून सावकाश चावत होती. कुडूम, कुडूम. दातांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

"बावीस वर्षं झाली हो," दुसरं गाजर उचलत ती म्हणाली, "कच्चं गाजर खाल्लं नव्हतं."