नळाचा आवाज

संयोगिताला रडायला घरात एकच जागा होती, न्हाणीघर. नळ सोडला की हुंदके बाहेर ऐकू जात नसत. तेवढा वेळ तिची ऑटिझम असलेली, एकही शब्द न बोलणारी लेक इरावती दाराला कान लावून पाण्याचा आवाज ऐकत बसे. आज सासूबाईंनी रश्श्याच्या वाटणासाठी मिक्सर लावला आणि पोर किंचाळत भिंतीवर डोकं आपटायला लागली. संयोगितानं तिला कवटाळून शांत केलं. "आई हाईस न्हवं? जरा धाक लाव की पोरीला!" सासूबाई खेकसल्या. संयोगिता न्हाणीघरात शिरली, कडी घातली, नळ पिरगाळला. नळ नुसताच फुसफुसला. "पानी न्हाय आज!" सासूबाईंची हाळी आली. तिनं टॉवेल तोंडात कोंबला. तेवढ्यात दाराच्या फटीतून आवाज आला, "सूंऽऽऽ..." सोडलेल्या नळासारखा. दम संपला की इरावती पुन्हा सुरू करत होती. संयोगितानं तोंडातला टॉवेल काढला.