बिलोरी पेला

उस्मानाबादेत कापडापासून कंदिलापर्यंत सगळं एका छपराखाली मिळायचं ते बशीरभाईंच्या दुकानातच. काचेच्या कपाटात हातानं कोरलेले बिलोरी पेले असत; निजामाचे सुभेदारही तिथूनच न्यायचे. पेला दाखवताना बशीरभाई त्याला नखानं टिचकी मारत. तो नाद मागच्या घरात गेला की त्यांच्या बेगम रजियाभाभी ओळखायच्या, मोठं गिऱ्हाईक आलंय. मधल्या दाराचा पडदा हलायचा आणि चहा यायचा. रजियाभाभी वारल्या. चाळिसावा झाल्यावर दुकान उघडलं. मी जावयासाठी पेले घ्यायला गेलो. बशीरभाईंनी टिचकी मारली. “ह्येच बांधा,” म्हणत मी उठलो. “बसा की हिंमतराव, चहा येतोय,” ते बोलून गेले आणि पडद्याकडं बघत राहिले. पडदा हलला नाही. हातातला पेला ते पुसू लागले. बाहेर माझा गाडीवान बैल जुंपून हाका मारत होता. मी परत बसलो. “येऊ द्या,” म्हणालो, “मला घाई न्हाय.”