दुसरा रिमोट

वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी जुन्या व्हिडिओ गेमचं छोटंसं प्रदर्शन भरलं होतं. मदत नेमकी कुणाला होणार ते लोकांना दिसावं, म्हणून आश्रमातल्या सगळ्यांना बसमध्ये घालून तिथे आणलं होतं. निवृत्त हेडमास्तर तोंड वाकडं करून टेबलांमधून फिरत होते, ते एका टेबलापाशी थबकले. तिथल्या गेमच्या कडेला इस्त्रीच्या चटक्याचा तोच डाग! गेम त्यांच्याच घरातला होता. मुलाने घर आवरायला काढलं, तेव्हा गेम इथे देऊन टाकला आणि बापाला आश्रमात. एकाच फटक्यात दोन्ही अडगळी बाहेर.

"आजोबा, खेळणार?" टेबलामागच्या मुलीने विचारलं. "हा रिमोट बघा, बटणांवरची अक्षरंसुद्धा झिजून गेलीत. आणि हा दुसरा अजून प्लास्टिकच्या पिशवीतच! कुणी हातही लावलेला नाही."

"माझ्या मुलाचा आहे तो गेम," हेडमास्तर ताठ मानेने म्हणाले. "एकुलता एक. आई लवकर गेली त्याची, पण मी त्याला काही म्हणून कमी पडू दिलं नाही."

"मग बरोबर," मुलगी म्हणाली. "दुसऱ्या रिमोटवर खेळणार तरी कोण? घरात कुणी नसेलच ना."

हेडमास्तरांनी ती पिशवी हातात घेतली. तोंडाची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती.

"होतो की," ते म्हणाले. "शेजारच्याच खोलीत."